कोपऱ्यावरचं घायपात

मीटरकाकांच्या घराचा कोपरा हा कोपरा नाहीच, तो रस्ता आहे, असं सगळ्या गल्लीचं मत होतं. फक्त मीटरकाकांचं नव्हतं, आणि कोपरा त्यांच्या मालकीचा होता.

गल्ली सरळ येऊन काकांच्या घरापाशी काटकोनात वळते. घराला कंपाउंडची भिंत आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ती व्यवस्थित येते आणि नेमकी कोपऱ्यावर नसते. कचऱ्याची गाडी मागे घेताना ड्रायव्हरने ती पाडली. काका नगरपालिकेत गेले. तिथे त्यांना सांगितलं की भिंत बांधायला हरकत नाही, पण आधी रस्त्याची हद्द आखून आणा. हद्द आखणारा माणूस आला, कोपऱ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, भिंत असती तर तिच्यावरून हद्द कळली असती. आता कशावरून आखू? काकांनी त्याला पाडलेल्या भिंतीचे दगड दाखवले. तो म्हणाला, दगड हलवलेले आहेत. आणि चहा पिऊन गेला.

त्या दिवसापासून कोपऱ्यातून वाहतूक सुरू झाली. दूधवाल्याची सायकल, शाळेची पोरं, पोरांमागून कुत्री. आणि रोज सकाळी, हात पाठीमागे बांधून, पांढरी पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, मॅनेजर. हे कुठल्याशा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ काकांच्या मागच्या घरात राहत. वळणाला वळसा घालून चार पावलं जास्त टाकणं त्यांच्या तब्येतीला मानवत नसे, जरी ते चालायला निघत ते तब्येतीसाठीच. त्यांचं बागेतून जाणं काकांनी एक वेळ गिळलं असतं. पण मॅनेजर जाता जाता थांबत, काकांच्या सुकलेल्या रोपांकडे बघत आणि म्हणत, "जरा पाणी घाला हो."

रोज. पावसातसुद्धा.

आता इथे कुणी काड्या घालणारा म्हणेल की काका स्वतः दूध आणायला दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या घराशेजारच्या बोळातून जात, त्याचं काय? तर ती गोष्ट वेगळी. काका कुणाच्या बागेतून जात नसत, बागेच्या कडेने जात. तो शॉर्टकट नव्हता, ती वाट होती. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असं काका काकूंना सांगत, आणि काकू खरोखरच बोलत नसत.

काकांनी उभा जन्म वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घेण्यात घालवला होता. लोकांच्या जिन्याखाली, मोडक्या पाळण्यांच्या आणि रद्दीच्या मागे बॅटरी मारून त्यांनी आकडे टिपले होते. कुठल्या दारात कुठलं कुत्रं आहे आणि ते शेपूट कशी हलवतं हे त्यांना अजून पाठ होतं. अशा माणसाला कुंपणाचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नव्हती. भिंतीला परवानगी लागते, तारेला लागते. झाडाला लागत नाही. काका नर्सरीत गेले आणि म्हणाले, असं झाड द्या की त्याच्यातून माणूस जाणार नाही.

नर्सरीवाल्याने त्यांना मागच्या बाजूला नेलं. तिथे ते बसलं होतं. झाडाला बसणं म्हणत नाहीत हे खरं, पण ते बसलंच होतं, एखाद्या ऑफिसातल्या जुन्या हेडक्लार्कसारखं, चारी बाजूंना कोपरं काढून. निळसर राखाडी, हाताच्या पंजाएवढी रुंद आणि माणसाच्या छातीएवढी उंच पानं. प्रत्येक पानाच्या कडेला करवतीचे दात आणि टोकाला दाभणासारखा काळा काटा.

"याला आर्किटेक्चरल प्लँट म्हणतात काका. बंगलेवाले लावतात. बागेला कणा येतो," नर्सरीवाला म्हणाला. "याला पाणी नको, खत नको, प्रेम नको."

शेवटची अट काकांना विशेष पसंत पडली. त्यांनी फक्त एकच विचारलं, याच्याहून मोठं आहे का? नर्सरीवाला म्हणाला, याच्याहून मोठं कुणाकडेच नाही.

ते घरी आलं हातगाडीवरून. उतरवणाऱ्या प्रत्येक हमालाचं थोडंथोडं रक्त कोपऱ्यात सांडलं, त्यात काकांचंही होतं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "हे इथे राहणार आहे," त्यांनी विचारलं, "तर आपण कुठे जायचं?"

काकांनी उत्तर दिलं नाही. ते कोपऱ्याकडे बघत होते. भोक बंद झालं होतं.

गल्लीला मात्र उत्तरं द्यायची होती. एकेक जण आला आणि सल्ला ठेवून गेला. इस्त्रीवाला म्हणाला, हे तर घायपात, रुळांच्या कडेला फुकट उगवतं. तुम्ही नर्सरीतून आणलंत? काका म्हणाले, रुळांच्या कडेचं ते घायपात, हे आर्किटेक्चरल. दुसऱ्या कुणी सांगितलं की दारात काटेरी झाड असलं की घरात भांडणं होतात. काकू म्हणाल्या, त्यासाठी झाडाची गरज नाही. डॉक्टरीणबाईंनी समोरच्या गच्चीतून, तोंडावरचा मास्क खाली करून, टोकांना काहीतरी लावा असं सुचवलं. त्यांच्याकडे पेशंट काटे टोचून घेऊन आले तर ते दातांचं काम नव्हे.

काका सगळ्यांचं ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष दुसऱ्या दिवसाच्या सकाळकडे होतं.

सकाळी ते खिडकीत चहा घेऊन बसले. मॅनेजर आले. हात पाठीमागे, नजर समोर, सवयीने कोपऱ्यात शिरले आणि थबकले. एखादा शहाणा माणूस मागे फिरला असता. पण मॅनेजरांनी आयुष्यात फक्त दुसऱ्यांना मागे फिरवलं होतं. ते आडवे झाले, भिंतीच्या कडेला पोट घासत सरकले, आणि बरोबर मधोमध आल्यावर काहीतरी फाटल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला.

"अहो, माणसं राहतात इथे," मॅनेजर पँटच्या मागच्या बाजूला हात धरून म्हणाले.

"दिसत नाही का, झाड आहे?" काका म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या मनात कित्येक वर्षं झाडाशिवायच तयार होतं. मॅनेजर मागे सरकले, रस्त्यावर आले आणि गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदा वळणाला वळसा घालून घरी गेले. काकांनी त्या दिवशी दुसरा चहा मागितला आणि तो मिळालाही.

पण सुख काही काकांना सोसत नाही. मॅनेजरांनी आपल्या व्हरांड्यात गल्लीची बैठक घेतली. काकांना बोलावलं नव्हतं, कारण विषय काकांचाच होता. झाड सार्वजनिक सुरक्षेला धोकादायक आहे, असं एकमताने ठरलं. मग डॉक्टरीणबाई थर्माकोलचे छोटे गोळे घेऊन आल्या आणि काकूंनी ते प्रत्येक काट्यावर टोचले. लग्नाच्या हॉलबाहेर ठेवतात तसलं काहीतरी ते दिसायला लागलं. काकांनी गोळे काढले. काकूंनी लावले. काकांनी काढले. असं बरेच दिवस चाललं; शेवटी काका थकले आणि झाड गोळे घालून उभं राहिलं. काकांच्या मनात त्याच्याविषयी पहिल्यांदा काहीतरी हललं. इतका करारी जीव, आणि त्याला टोप्या घालून उभं केलं होतं. निवृत्त होताना काकांनाही ऑफिसने स्टेजवर उभं केलं होतं, आणि साहेबांनी भाषण केलं होतं ते दुसऱ्याच एका माणसाबद्दल. पण ते असो.

पुढच्या उन्हाळ्यात झाडाच्या मधोमधून एक दांडा वर आला. जाड, हिरवा, टोकाला आवळलेली मूठ. तो वाढायला लागला तो असा की सकाळी खिडकीच्या खाली होता आणि संध्याकाळी काकूंच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा. काही दिवसांत तो छपराच्या वर गेला आणि त्याला कोपरासारख्या फांद्या फुटल्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला कळ्यांची ताटली.

आणि गल्ली बदलली. ज्या झाडाला लोक वळसा घालून जात होते त्याच्याभोवती ते उभे राहायला लागले. पाहुणे आणायला लागले. पोरं खांद्यावर बसून कळ्या मोजायला लागली. माणूस आत येऊ नये म्हणून आणलेलं झाड, आणि माणसं हटत नव्हती. काका आंघोळ करून बाहेर आले तरी अंगणात कुणीतरी परकं माणूस मान वर करून उभं असे, आणि काकांनाच विचारत असे, तुम्ही इथलेच का?

एक दिवस वर्तमानपत्रवाला आला. फोटो छापून आला त्यात झाडाच्या पानावर अलगद हात ठेवून, पांढऱ्या पँटमध्ये, मॅनेजर उभे होते. खाली त्यांचे उद्गार: आमच्या गल्लीचं वैभव. काकाही फोटोत होते. त्यांचा डावा हात कडेला दिसत होता.

काकांनी पेपर घेतला आणि रागारागात थेट नर्सरीत गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रागावलेला माणूस कुठेतरी जातो. नर्सरीवाल्याने फोटो बघितला.

"अरे वा, फुलोरा आला. मग आता संपलंच."

"काय संपलं?"

"झाड. हे आयुष्यात एकदाच फुलतं काका. वर्षानुवर्षं साठवत राहतं, मग एकदा सगळं वर काढतं, आणि जातं."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही मोठं आहे का विचारलंत. वय विचारलं नाहीत."

काका घरी आले आणि कोपऱ्यात उकिडवे बसले. खालची पानं कडेने सुरकुतायला लागली होती. वर मूठ उघडत होती. त्यांनी एकेक करून थर्माकोलचे सगळे गोळे काढले. काकूंनी दारातून बघितलं, पण पुन्हा लावले नाहीत.

आणि इथे काकांच्या हातून ती चूक झाली जी वीज कंपनीतला माणूसच करू शकतो. वर बघताना त्यांना दिसलं की दांड्याचं टोक वरून जाणाऱ्या तारेजवळ पोचलं आहे. आता मीटरच्या माणसाला वर बघायची सवय नसते. मीटर खाली असतो. वर बघणं हे लाइनच्या लोकांचं काम, आणि मीटरवाल्यांचं त्यांच्याशी कधी पटलं नाही. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना एक गोष्ट घोटवून शिकवतात: तारेजवळ झाड दिसलं की कळवायचं. काकांचा हात आपसूक फोनकडे गेला. पलीकडच्या मुलीने पत्ता विचारला, काकांनी सांगितला. तक्रारदाराचं नाव विचारलं, तेही सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांना कर्तव्य केल्याचं जे समाधान वाटलं ते नोटीस येईपर्यंत टिकलं.

नोटीस मालकाच्या नावाने होती. आपल्या आवारातील झाडाबाबत तक्रार प्राप्त झाली असून ते तोडावे, अन्यथा तारेचा वीजपुरवठा खंडित करण्यात येईल.

"कुणी मेल्याने तक्रार केली असेल?" काकू म्हणाल्या. काकांना एकदम खोकला आला.

ऑफिसात जो इंजिनिअर होता तो कधीकाळी उमेदवारीला काकांच्या मागे फिरला होता. कुत्र्याची शेपूट वाचायला काकांनीच त्याला शिकवलं होतं. तो काकांना सर म्हणाला, पण बसल्या जागेवरून म्हणाला.

तक्रार मागे घ्यायची तर तक्रारदाराचं म्हणणं ऐकावं लागेल, असं तो म्हणाला, आणि मालकाचंही. काका म्हणाले, दोन्ही मीच. तो म्हणाला, हो, पण सुनावणी समोरासमोर होत नाही, नंतर वाद होतात. आधी तक्रारदार आत बसेल, मालकाने बाहेर थांबायचं. काका आत बसले. मग बाहेर जाऊन बाकावर बसले. मग शिपायाने हाक मारली, मालक कोण आहेत, आणि काका पुन्हा आत गेले. तक्रारदार म्हणून ते जे बोलले होते ते मालकाला मान्य आहे का, असं त्यांना विचारण्यात आलं.

"नाही," काका म्हणाले. राग इतका आला होता की त्यांना स्वतःचाही पक्ष घेववेना.

मग प्रकरण निराळ्याच बाजूला वळलं. झाड तोडायचं तर उद्यान खात्याची परवानगी लागते. उद्यान खात्याची बाई म्हणाली, हे झाड नाही, हे शोभेचं बारमाही झुडूप. याला परवानगी लागत नाही. मग तसं लिहून द्या, काका म्हणाले. बाई म्हणाली, जे लागत नाही ते आम्ही देणार कसं? इंजिनिअर म्हणाला, लिहून आणत नाही तोपर्यंत आमच्या लेखी ते झाडच. अशा रीतीने कोपऱ्यात जे उभं होतं ते एका खात्यात झाड होतं आणि दुसऱ्यात नव्हतं, आणि या भांडणात त्याच्या पहिल्या कळ्या पिवळ्या पडायला लागल्या.

शेवटी नोटिशीची मुदत संपली आणि वीज कंपनीची गाडी आली. शिडी, करवत, लाइनमन आणि पुढे बसून इंजिनिअर. गल्ली आधीच जमली होती. करवत बघून मॅनेजर पुढे झाले. बोलायची संधी त्यांनी कधी दवडली नव्हती.

"या झाडाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "हे गल्लीचं आहे."

काकांना बोलायचं होतं, पण त्यांच्या कोपऱ्यात पुढे जायला त्यांनाच जागा नव्हती.

इंजिनिअरने शांतपणे सांगितलं की दांडा तारेला लागला तर अपघात होईल. एक तर तो कापायचा, नाही तर तार बंद करायची. ज्याच्या घरी ही तार जाते त्याचे दिवे जातील.

मॅनेजरांनी काकांकडे बघितलं. त्या नजरेत उदारता ओसंडत होती, दुसऱ्याच्या घरातल्या अंधाराविषयी वाटते ती.

"मग करा बंद," ते म्हणाले. "इतक्या सुंदर फुलांपुढे वीज काय चीज आहे. थोडा त्याग करायला शिकलं पाहिजे माणसाने."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. लाइनमन शिडीवर चढला, खांबावरून निघालेल्या तारेवरून त्याने नजर फिरवत नेली. तार खांबावरून सुटून काकांच्या कोपऱ्यावरून तिरकी गेली होती. काकांच्या छपरावर ती उतरली नाही. ती तशीच पुढे गेली, काकांच्या घराला टाळून, मागच्या बाजूला, आणि मॅनेजरांच्या गच्चीवरच्या पाइपात शिरली. काकांच्या घरची तार दुसऱ्याच खांबावरून येत होती.

लाइनमनने ती चिमटा लावून काढली. मॅनेजरांच्या घरातून येणारा टीव्हीचा आवाज बंद झाला.

मॅनेजरांनी एकदा गच्चीकडे बघितलं, एकदा लोंबत्या तारेकडे. मग मॅनेजर म्हणाले, "नाही म्हणजे, दांडाच कापला तरी चालेल."

तेव्हा काका पुढे आले. लोकांना कोपरांनी बाजूला सारत ते झाडाला पाठ लावून उभे राहिले, आणि झाडाचे काटे पाठीत टोचले तरी ते हलले नाहीत. त्यांचा आवाज चढला नाही. काकूंना आठवत होतं त्यातला हा सगळ्यात वाईट प्रकार होता.

"ही तार माझ्या जागेवरून कुणाला विचारून नेली?"

इंजिनिअर गाडीतून उतरून उभा राहिला. नियम त्यालाही पाठ होता, कारण तोही काकांनीच शिकवला होता. दुसऱ्याच्या आवारावरून तार न्यायची तर त्याची संमती लागते.

"मी दिलेली नाही," काका म्हणाले. "यांचे पाय माझ्या कोपऱ्यातून, यांची वीजसुद्धा माझ्या कोपऱ्यातून? रस्त्याने न्या ती. वळसा घालून."

रस्त्याने न्यायची तर वळणावर नवा खांब लागणार होता. खांबासाठी मॅनेजरांचा अर्ज लागणार होता. तोपर्यंत तात्पुरती, दांड्यापासून जरा बाजूला ओढून, जुन्याच मार्गाने द्यायची तर काकांची संमती लागणार होती. मॅनेजर रोज यायला लागले, रोज वळसा घालून, समोरच्या फाटकाने, हातात कागद घेऊन. काका तो कागद वाचत. वाचायला वेळ घेत. एकेका शब्दाखाली बोट धरून वाचत आणि मधेच चष्मा पुसत. मग म्हणत, आज डोळ्याला बरं नाही. एकदा त्यांनी मॅनेजरांना एवढंच सांगितलं, "थोडा त्याग करायला शिकलं पाहिजे माणसाने."

वर सगळ्या ताटल्या पिवळ्या फुलांनी भरल्या. मधमाश्या इतक्या आल्या की गल्लीतलं कुणी कोपऱ्याजवळ फिरकेना. काका एकटेच तिथे खुर्ची टाकून बसत. वळणावर नवा खांब उभा राहिला, तार रस्त्याच्या कडेने फिरून मॅनेजरांकडे गेली, आणि काकांनी संमतीच्या कागदावर सही केली, कारण आता त्याची गरज नव्हती.

मग झाड गेलं. पानं एकेक करून जमिनीवर टेकली, दांडा वाळून खडखडला आणि एका वाऱ्याच्या दिवशी आडवा झाला, अगदी काकांच्याच हद्दीत, कुणाला न लागता. बुंध्याभोवती मात्र मुळांतून फुटलेल्या पिलांची गर्दी होती. गल्लीतला प्रत्येक जण येऊन म्हणाला, एखादं आम्हाला द्या ना, आठवण म्हणून. काकांना वाटलं आपण जिंकलो आहोत, आणि जिंकलेला माणूस जरा मूर्ख होतो. त्यांनी सगळ्यांना दिली. डॉक्टरीणबाईंना चांगली मोठी दोन दिली. मॅनेजर शेवटी आले, खालच्या आवाजात मागितलं, त्यांनाही दिलं. वाटून झाल्यावर कळलं की कोपऱ्यासाठी जे उरलं आहे ते चहाच्या कपात मावेल एवढं आहे. काकांनी तेच लावलं.

मग एके सकाळी, पिलं रुजून बरीच वाढल्यावर, काका दूध आणायला नेहमीसारखे बोळातून निघाले, किटली हातात, नजर समोर. बोळाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना निळसर राखाडी काहीतरी होतं. काकांनी पोट भिंतीला लावलं आणि आडवे सरकले. बरोबर मधोमध आल्यावर काहीतरी फाटलं.

डॉक्टरीणबाई गच्चीत दात घासत होत्या. त्यांनी आधी चूळ भरली.

"काका," त्या म्हणाल्या, "दिसत नाही का, झाड आहे?"

काका मागे सरकले. एक हात पँटच्या मागे, दुसऱ्या हातात किटली, असे ते सगळ्या गल्लीसमोरून, रस्त्याने, वळणावळणाने डेअरीवर गेले आणि तसेच परत आले. वाटेत जे शब्द त्यांच्या मनात होते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

कोपऱ्यावर पोचले तेव्हा पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची एक जोडी त्या कपाएवढ्या पिलावरून अलगद पलीकडे पडत होती. मॅनेजर थांबले. पिलाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, काकांच्या पँटकडे मात्र बघितलं नाही, एवढं म्हणायला हवं.

"जरा पाणी घाला हो," ते म्हणाले.

काकांनी किटली खाली ठेवली.

"याला पाणी लागत नाही," ते म्हणाले. "वेळ लागतो. तो माझ्याकडे आहे."